काळोखाच्या दरबारी : मराठी भयकादंबरीची प्रस्तावना

सन २००१ च्या मे महिन्यात, वीज तासन्‌तास गुल असल्यामुळे सहकुटुंब गच्चीवर पथाऱ्या टाकून निजणाऱ्या गाझियाबादेच्या आणि पाठोपाठ दिल्लीच्या यमुनापार वस्त्यांतील लोकांत अशी वार्ता पसरली की, रात्रीच्या अंधारात माकडासारखा एक प्राणी छपराछपरांवरून उड्या घेत येतो, निजलेल्या माणसाला बोचकारतो आणि कोणी दिवा आणण्यापूर्वी दिसेनासा होतो. कोणी म्हणे तो चार फूट उंचीचा आहे. कोणी त्याला लाल डोळे दिले, कोणी पोलादी नखे, कोणी डोक्यावर शिरस्त्राण, तर कोणी छातीवर दाबावयाची बटणे. पोलिसांच्या दफ्तरी शेकड्यांनी फिर्यादी दाखल झाल्या, चित्रकारांकरवी त्या प्राण्याची चित्रे काढवून प्रसिद्ध करण्यात आली, पकडून देणाऱ्यास पन्नास हजार रुपयांचे इनाम जाहीर झाले, आणि ठेंगण्या चणीच्या एका फिरत्या साधूला केवळ त्याच्या उंचीपायी जमावाचा मार खावा लागला. पुढे दिलशाद गार्डन येथील ‘इहबास’ या संस्थेतील मनोविकारतज्ज्ञांनी व न्यायवैद्यक विभागाच्या जाणकारांनी रीतसर तहकीकात केली, तेव्हा असा प्राणी अस्तित्वात असल्याचा कसलाही पुरावा हाती लागला नाही. मात्र तोपर्यंत ‘आला, आला’ अशी हाक ऐकून अर्धवट झोपेत जी माणसे गच्चीवरून किंवा जिन्यावरून कोसळली होती, त्यांतील काही प्राणास मुकली होती.

मराठी भयकादंबरीच्या प्रस्तावनेचा आरंभ या दिल्लीच्या हकिकतीने करण्याचे कारण असे की, या वाङ्मयप्रकारावर आपल्याकडील विद्वानांचा जो सर्वांत जुना आणि वरकरणी सर्वांत सबळ आक्षेप आहे, त्याची तपासणी या हकिकतीच्या उजेडात चांगली होते. भयकथा लोकांच्या मनात भय पेरते, असा तो आक्षेप. परंतु यमुनापारच्या विनोदनगरात गच्चीवर निजलेल्या एखाद्या मजुराने, शिवणकाम करणाऱ्या एखाद्या बाईने, कोणती भयकादंबरी वाचली होती? भय कादंबरीच्या आधीपासून होते. कादंबरीकाराचे बोट धरून ते आले नाही. उलट मला असे दिसते की, त्या रात्रींत लोकांजवळ भय विपुल होते, पण त्या भयाला कथा नव्हती. तो प्राणी कोठून आला, त्याला काय हवे आहे आणि त्याला येथे कोणी बोलावले, हे तीन प्रश्न कोणीही विचारले नाहीत. चांगली भयकादंबरी आरंभापासून अखेरपर्यंत हेच तीन प्रश्न विचारीत असते; आणि त्यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता ती वाचकाला बाहेरच्या काळोखातून त्याच्या स्वतःच्या अंतःकरणाच्या दाराशी आणून उभे करते. तिचे मोल मी येथेच मानतो, आणि पुढील विवेचन या एका मुद्द्याभोवती फिरणारे आहे.

काळोखाचे भय हे मनुष्यमात्राचे आद्य भय होय. मनुष्य हा दिवाचर प्राणी; उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना अंधाराचा पुरता सराव व्हावयास अर्धा तास लागतो, आणि तेवढ्या अवधीत श्वापदाला त्याचा कारभार उरकता येतो. आपल्या पूर्वजांनी या भयाची जी तजवीज केली ती मोठी उदात्त आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील रात्रिसूक्तात ऋषी रात्रीपासून संरक्षण मागत नाही. तो रात्रीलाच देवी म्हणून साकडे घालतो आणि लांडग्यापासून व चोरापासून तूच आमचे रक्षण कर, असे तिला विनवितो. भयाचे कारण निराळे आणि रात्र निराळी, हा विवेक त्या सूक्तकाराजवळ आहे.

आमच्या महाराष्ट्रातल्या खेड्यांनीही आपल्या परीने हाच विवेक सांभाळला. तेथे काळोखाला जणू वतनदारी होती. मुंजाने पिंपळावर राहावे, ब्रह्मसमंधाने आपल्या जुन्या वाड्याची वा ठेव्याची राखण करावी, हडळीने विहिरीचा वा ओढ्याचा काठ सोडू नये, चकव्याने वाटसरूला रात्रभर फिरवावे पण उजाडताच वाट मोकळी करावी, वेताळाने अवसेच्या रात्री आपल्या गणांसह शीव फिरून यावे. आणि कोकणात तर राखणदाराला व गोव्यात देवचाराला त्याचा ठरलेला मान पोचता केला की, तो गावच्या हद्दीचा पहारेकरी होऊन राही. यांतील एकही गोष्ट तर्काच्या कसोटीस उतरणारी नाही, हे उघड आहे. तथापि या सगळ्या व्यवस्थेने भयाला हद्द, नाव आणि कायदा दिला होता. दिल्लीच्या यमुनापार वसाहतींत बिहार, पूर्वांचल, गढवाल, बंगाल अशा नाना मुलखांतून पोटासाठी आलेली जी माणसे दाटीवाटीने राहू लागली, त्यांची भुते मात्र गावाकडच्या पिंपळावरच राहिली. नव्या शहराच्या काळोखाला कोणी नाव दिलेले नव्हते. त्यात जो प्राणी उभा राहिला तो अर्धा वानर आणि अर्धे यंत्र होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. गावाकडचे अरण्य आणि शहरातला कारखाना या दोहोंची भीती त्या एका आकृतीत एकवटली होती.

येथे एक शंका उपस्थित होते आणि तिचे निरसन केल्यावाचून पुढे जाता येत नाही. काळोख आणि दुष्टता यांचे नाते कादंबरीकार इतक्या सहजपणे जोडतो, ते कितपत यथार्थ आहे? दिल्लीचा इतिहास तर निराळीच साक्ष देतो. २२ मार्च १७३९ रोजी नादिरशहा चांदणी चौकातल्या सुनहरी मशिदीत जाऊन बसला आणि त्याच्या हुकुमाने दिल्लीकरांची जी कत्तल झाली, ती सकाळी सुरू होऊन दिवसाउजेडी चालली. १० ऑगस्ट १७८८ रोजी गुलाम कादिर या रोहिल्याने वृद्ध बादशाह शाह आलम याचे डोळे काढले, ते कोणा निर्जन अवशेषात नव्हे, तर खुद्द लाल किल्ल्यात. या दुसऱ्या प्रसंगाशी मराठ्यांचा निकटचा संबंध आहे. शाह आलमला १७७२ साली दिल्लीच्या तख्तावर आणून बसविले होते ते मराठी फौजांनी, आणि गुलाम कादिरचे पारिपत्य केले तेही महादजी शिंद्यांच्या फौजांनीच. परंतु पकडल्यानंतर त्याचे नाक, कान, डोळे काढून, हालहाल करून त्याला १७८९ च्या मार्च महिन्यात मारण्यात आले. ज्याला न्याय मिळवून द्यावयाचा, त्याच्याच दुःखाची नक्कल शत्रूच्या देहावर उतरवून तो न्याय पुरा झाला. सुष्टाने दुष्टाशी झुंजताना दुष्टाचेच शस्त्र उचलले म्हणजे विजय कोणाचा झाला, हा प्रश्न त्या प्रसंगातून उभा राहतो. आणि जगातील कोणत्याही थोर भयकादंबरीचा नायक शेवटच्या प्रकरणात नेमक्या याच प्रश्नापाशी अडखळतो.

याहून जवळचा आणि अजून न बुजलेला दाखला १९८४ च्या नोव्हेंबरातल्या शीख हत्याकांडाचा आहे. त्रिलोकपुरीत, म्हणजे पुढे सतरा वर्षांनी ज्या यमुनापार भागात त्या वानराची आवई उठली त्याच भागात, शिखांची घरे हुडकून काढण्यासाठी मतदारांच्या आणि शिधापत्रिकांच्या याद्या वापरल्या गेल्या. मारेकऱ्यांना चेहरे होते, काहींची नावेही वाचलेल्या विधवांना ठाऊक होती. ज्या वस्त्यांनी अशी चेहरा असलेली दुष्टता डोळ्यांनी पाहिली, त्याच वस्त्यांच्या आसपास पुढे बिनचेहऱ्याच्या प्राण्याचे भय इतक्या वेगाने पसरावे, यामागे कार्यकारणभाव आहे असे मी म्हणणार नाही. पण लेखक म्हणून मला या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडताही येत नाहीत. शेजाऱ्याचे भय उच्चारणे कठीण असते. त्याच्याशी उद्या पुन्हा पाण्याच्या नळावर गाठ पडावयाची असते. अंधारातल्या प्राण्याचे भय मोठ्याने ओरडून सांगता येते.

तेव्हा काळोख हा दुष्टतेचा उगम नव्हे, हे मान्य करावेच लागते. मग भयकादंबरी काळोखाचा इतका आश्रय का घेते? कारण काळोखात मनुष्याला बाहेरचे काही दिसेनासे होते, आणि जे तो दिवसा पाहण्याचे टाळतो ते त्याच्यासमोर उभे राहते. या मुद्द्याचा सर्वांत पुरातन आणि सर्वांत सुंदर दाखला दिल्लीतच, फिरोजशाह कोटल्यात, उघड्यावर उभा आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यास फिरोजशाह तुघलकाने अंबाल्याकडच्या तोपरा गावाहून एक प्रचंड अशोकस्तंभ उपटून आणविला. शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने त्याची हकिकत लिहून ठेवली आहे की, तो कापसाच्या राशीवर हलकेच आडवा करून, बोरू व कातड्यात गुंडाळून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर यमुनेपर्यंत ओढीत नेला आणि तेथून नावांवर घालून दिल्लीस पोचविला. त्यावरचा लेख वाचण्यासाठी पंडित बोलावण्यात आले, पण कोणालाही तो लागला नाही. तो लेख पुन्हा वाचला जाण्यास १८३७ साल उजाडावे लागले, जेव्हा जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीची उकल केली.

आणि त्या लेखात काय आहे? इहलोकीचे व परलोकीचे हित साधणे कठीण आहे, असे सांगून सम्राट त्यासाठी जी साधने गणतो, त्यांत उत्कट धर्मप्रेम आहे, कठोर आत्मपरीक्षण आहे, सेवा आहे, उत्साह आहे, आणि त्याच मालिकेत, कोणताही संकोच न करता, भय आहे: पापाचे तीव्र भय. तिसऱ्या लेखात तो म्हणतो की, मनुष्याला स्वतःचे सत्कृत्य तेवढे दिसते, स्वतःचे पाप दिसत नाही, आणि ते दिसणे खरोखरच दुर्घट आहे. म्हणून क्रौर्य, निष्ठुरता, क्रोध, अभिमान आणि मत्सर यांवर त्याने नजर ठेवावी. भय आणि आत्मपरीक्षण यांना एका ओळीत बसविणारा हा राजा कलिंगाच्या रणांगणावर आपल्याच हातून काय घडले हे पाहून आलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दांचे वजन कळते. भयकादंबरीचे तत्त्वज्ञान याहून वेगळे मांडता येईल असे मला वाटत नाही. जे भय आत्मपरीक्षणाच्या हातात हात घालून येते ते मनुष्याला सत्कडे नेते. जे भय एकटेच येते ते त्याला गच्चीवरून खाली ढकलते, अथवा एखाद्या ठेंगण्या साधूवर काठी उगारावयास लावते.

त्याच कोटल्यात आज दर गुरुवारी, तळघरांसारख्या अंधाऱ्या कमानींत, दिल्लीचे हिंदू आणि मुसलमान असे दोन्ही समाजांचे लोक जिनांच्या नावे अर्ज ठेवावयास येतात. कागदावर आपले नाव, पत्ता आणि कैफियत लिहून, पुष्कळदा तसबीर जोडून, त्याच्या नकला काढून एकेका कोनाड्यात एकेक ठेवतात. एखाद्या सरकारी कचेरीत निरनिराळ्या मेजांवर तोच अर्ज द्यावा तसे. जिनांचा मुख्य त्या स्तंभातच राहतो अशी श्रद्धा असून त्याला ‘लाटवाले बाबा’ म्हणतात. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, नवऱ्याची दारू, न्यायालयात रेंगाळलेला जमिनीचा तंटा, असे विषय. जिनाकडून यांतले काही निकालात निघते असे मी मानीत नाही. परंतु अज्ञात शक्तीला पाहून पळत सुटण्याऐवजी तिच्यापुढे उभे राहून आपले म्हणणे स्वच्छ अक्षरात मांडणे, ही भयाला मनुष्याने दिलेली एक मोठी शिस्त आहे. आणि ज्यांच्या अर्जांना उजेडातल्या कचेऱ्यांनी जाब दिला नाही तेच बहुधा या अंधारातल्या कचेरीची पायरी चढतात, हे पाहून मन विषण्ण होते.

आता मराठी कादंबरीकडे वळू. हा प्रांत मराठीत ज्यांनी एकट्याच्या बळावर उभा केला ते नारायण धारप २७ ऑगस्ट १९२५ रोजी जन्मले आणि १८ ऑगस्ट २००८ रोजी निवर्तले. शिक्षणाने ते रसायनशास्त्राचे पदवीधर होते, आणि ही गोष्ट त्यांच्या लेखनात जागोजाग जाणवते. त्यांची वाक्ये आखूड, मोजमाप केलेली असतात. एखादी खोली किती लांब, किती रुंद, तिला खिडक्या किती, त्यांतली कोणती कधीच उघडत नाही, हे ते आधी नोंदवून घेतात. प्रयोगवहीत नोंद करावी तशा त्या नोंदी झाल्या की मग त्या नोंदींत न बसणारी एक लहानशी गोष्ट, एखादा वास, एखादा न जुळणारा आवाज, ते त्या खोलीत सोडून देतात. शंभराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाला साहित्यपरिषदांच्या चर्चेत त्याच्या योग्यतेचे स्थान मिळाले नाही. वाचनालयांतून मात्र त्यांची पुस्तके पाने सुटेपर्यंत वाचली गेली, आणि बांधणी उसवलेली ती पुस्तके पुन्हा शिवून घेणाऱ्या ग्रंथपालांनी त्यांचे जे मूल्यमापन केले तेच मला अधिक विश्वसनीय वाटते.

त्यांच्या समर्थकथांतील समर्थ हा सुष्टपक्षाचा प्रतिनिधी. त्याच्या हकिकती आपल्याला कळतात त्या त्याचा सोबती अप्पा याच्या तोंडून, आणि हा अप्पा तुमच्या-आमच्यासारखा साधा, संसारी, घाबरणारा माणूस आहे. या योजनेत फार मोठे शहाणपण आहे. समर्थाची शक्ती ही साधनेने मिळविलेली आहे, ती राखावी लागते, खर्ची पडते. तिच्यात चमत्काराची सुलभता नाही. आणि अनिष्ट शक्ती धारपांच्या जगात बहुधा आपण होऊन घरात शिरत नाही. कोणी तरी, कधी तरी, लोभाने, सूडबुद्धीने किंवा निव्वळ कुतूहलाने दार किलकिले केलेले असते. पुष्कळदा तो कोणी पूर्वज असतो, आणि वंशजाला वाड्याबरोबर त्या उघड्या दाराचाही वारसा मिळतो. ‘बोलावले कोणी?’ हा जो प्रश्न मी आरंभी मांडला, त्याचे उत्तर धारपांच्या कथेत जवळजवळ नेहमी ‘आपल्यापैकीच एकाने’ असे येते. पाश्चात्त्य रक्तपिपासूंच्या कथांत, १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’पासूनच, असा संकेत आहे की, घरच्या कोणी आत घेतल्यावाचून त्या पिशाचाला प्रथम उंबरठा ओलांडता येत नाही. स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’ या कादंबरीवर धारपांनी ‘लुचाई’ बेतली, तेव्हा हा संकेत मराठी घराच्या उंबरठ्यावर असा काही चपखल बसला की, तो परदेशातून आला आहे हे सांगितल्यावाचून ध्यानातही येऊ नये.

धारपांच्या या उसनवारीविषयी बरीच कुजबूज होते, म्हणून येथे स्पष्टच लिहितो. ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ या कादंबऱ्या किंगच्या कृतींवर आधारलेल्या आहेत, आणि ते ऋण वाचकाला माहीत असलेच पाहिजे. परंतु मराठी रंगभूमीचा आणि मराठी कथेचा पाया घालणाऱ्या पहिल्या दोन पिढ्यांनीही रूपांतरानेच हात बसविला, आणि रूपांतराची परीक्षा मुलूख बदलला की कथेचा प्राण टिकतो का, या प्रश्नाने होते. ‘लुचाई’त तो टिकतो, कारण एखादे गाव आतून पोखरत जाण्याची प्रक्रिया, म्हणजे एका घरी दुखणे, दुसऱ्या घरी मौन, तिसऱ्या घराची बंद खिडकी, ही आपल्या गावांना अनोळखी नाही. जेथे धारप कमी पडतात ते निराळेच ठिकाण आहे. त्यांच्या काही कादंबऱ्यांत अंतिम संग्राम हा शक्तीविरुद्ध शक्ती असा उरतो. अधिक बलवान तो जिंकतो, आणि दार उघडणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले, त्याला पश्चात्ताप झाला का, हा धागा सुटून जातो. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण करून जे मागणे मागितले, त्यात दुर्जनांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा गळून पडावा असे मागितले आहे. आणि नाहीसा व्हावा असा जो अंधार सांगितला तो पापाचा, रात्रीचा नव्हे. मराठी भयकादंबरीला इतक्या उंच मापाने मोजणे अन्यायाचे आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. जी कादंबरी सुष्ट-दुष्टांची भाषा बोलते तिने ते माप स्वतःच मागून घेतलेले आहे.

लोभाचे सूत्र धारपांपासून पुढच्या पिढीपर्यंत कसे पोचले याचा दाखला राही अनिल बर्वे यांच्या २०१८ सालच्या ‘तुंबाड’ या चित्रपटात पाहावा. धारपांच्या एका कथेची प्रेरणा त्यामागे आहे. कोकणातल्या पावसाने कुजलेल्या वाड्यात, जमिनीखालच्या काळोखात जी अनिष्ट शक्ती आहे ती भुकेली आहे. पण तिच्यापर्यंत पुन्हा पुन्हा दोर सोडून उतरतो तो मनुष्य, सोन्यासाठी, आणि अखेरीस आपल्या लहान मुलालाही तो त्या उतरणीची तालीम देतो. चित्रपट हिंदी आहे, त्यामुळे दिल्लीकरांना तो सहज पाहता येतो. मराठी न येणाऱ्या शेजाऱ्याला धारपांची ओळख करून देण्याचा याहून सोपा मार्ग माझ्या माहितीत नाही.

रत्नाकर मतकरी यांचा मार्ग वेगळा. १९३८ ते २०२० असे त्यांचे आयुष्य. नाटक, बालरंगभूमी, चित्रकला अशा अनेक दालनांत वावरलेल्या या लेखकाच्या ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘गहिरे पाणी’ या संग्रहांतील भय हे बहुतांशी घरातल्या माणसांचे भय आहे. तेथे समर्थ नाही, मंत्र नाही, आणि पुष्कळदा सुटकाही नाही. सुष्ट-दुष्टांचा उघड संग्राम त्यांना मांडावयाचा नसल्याने प्रस्तुत विषयाच्या कडेला ते उभे राहतात. कथाकार म्हणून मात्र ते धारपांहून अधिक सूक्ष्म आहेत, हे नोंदविले पाहिजे.

एका गंभीर आक्षेपाचे उत्तर अद्याप राहिले आहे. महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, सकाळच्या उजेडात, पुलावर फिरावयास गेले असता झाली; आणि त्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी अस्तित्वात आला. चेटकीण ठरवून बायकांना मारणे, गुप्तधनासाठी बळी देणे, हे प्रकार ज्या समाजात घडतात त्या समाजात चेटूक, बळी, पिशाच यांची वर्णने रंगवून लिहिणे निर्दोष आहे काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि भयकादंबरीकाराने तो झटकून टाकू नये. माझे उत्तर असे आहे की, दोष वर्णनात नसतो, तो दुष्टता कोठे ठेवली आहे त्यात असतो. जी कादंबरी दुष्टता गावकुसाबाहेरच्या माणसाच्या, विधवेच्या, परधर्मीयाच्या किंवा वेडसर म्हातारीच्या अंगी ठेवते, ती त्या साधूला बदडणाऱ्या जमावाचेच काम पुढे नेते, आणि तिला माफी असू नये. जुन्या भयकथांत, काही नामवंत लेखकांच्याही, अशी पाने आहेत. ती वाचताना वाचकाने थांबावे. उलट जी कादंबरी दुष्टतेचा माग काढीत काढीत प्रतिष्ठित घराच्या देवघरापर्यंत, तिजोरीपर्यंत, वंशावळीपर्यंत जाऊन पोचते, ती विवेकाचे काम करते, मग तिच्यात कितीही पिशाचे असोत. वाचक पिशाचावर विश्वास ठेवीत नाही. पुस्तक मिटेपर्यंत तो मानल्यासारखे करतो, आणि एवढ्या अवधीत लोभाचे जे रूप त्याला दिसते ते मात्र खरे असते.

दिल्लीला भयरसाची स्वतःची जुनी परंपरा आहे, तिचाही येथे उल्लेख करावयास हवा. दास्तानगो, म्हणजे दास्ताने सांगणारे कथेकरी, अमीर हम्झाच्या आणि तिलिस्मांच्या, म्हणजे जादूच्या मायाजालांच्या, कथा रात्री रात्री सांगत. सुष्ट वीर आणि मायावी जादूगार यांचे संग्राम ऐकत दिल्लीकरांनी पिढ्या काढल्या, आणि त्या पंक्तीतले अखेरचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले. त्यानंतर पाऊणशे वर्षे ही कला जवळजवळ मुकी होती. २००५ पासून तिचे पुनरुज्जीवन झाले आहे. ज्या शहराने दास्तान विसरली त्याच शहरात २००१ चे ते भय विनाकथेचे हिंडले, याकडे मी समाजशास्त्राचा सिद्धांत म्हणून नव्हे, तर कथा सांगणाऱ्यांच्या जातीतला एक म्हणून लक्ष वेधतो.

आजच्या राजधानी परिसरात खरा काळोख दुर्मिळ झाला आहे. गुरुग्रामचे मनोरे आणि नोएडाचे द्रुतगती मार्ग रात्रभर जळत असतात. ३० जुलै २०१२ रोजी मध्यरात्रीनंतर उत्तरेचे वीजजाळे कोसळले आणि दुसऱ्याच दिवशी त्याहून मोठा बिघाड होऊन सुमारे साठ कोटी लोकांच्या मुलखातली वीज गेली, तशा एखाद्या प्रसंगीच येथील लहान मुलांना काळोख म्हणजे काय ते कळते. म्हणून या मुलांच्या हाती भयकादंबरी देताना पालकांनी फार घाबरू नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला समर्थकथा पेलतात, आणि आरंभ तेथूनच करावा, कारण तेथे अप्पा सोबत असतो. ‘लुचाई’ त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. ‘शपथ’ ही बालपणी ज्याला सामोरे गेलो त्याच्याशी मोठेपणी परत येऊन झुंजणाऱ्या मित्रांची कथा असल्यामुळे ती प्रौढांनी वाचावी, आणि इंग्रजी येत असल्यास किंगची १९८६ सालची मूळ कादंबरी नंतर वाचावी, आधी नव्हे. मूळ कृती विस्ताराने अफाट असून तिच्या भारातून परत मराठीकडे वळताना रूपांतरातली नेटकी पकड उगाच तोकडी भासू लागते. मतकरींचे संग्रह कोणत्याही क्रमाने वाचावेत, मात्र एका बैठकीत दोनपेक्षा अधिक कथा वाचू नयेत.